मेल थांबतो कोणासाठी

स्पॅम फिल्टर साफ बंद पडला तर लगेच कळतं. फोन येतात, लोक दारात येऊन उभे राहतात. तो नुसता उशीर करायला लागला, तर मात्र कितीतरी दिवस कुणाच्या लक्षात येत नाही. मेल येत असतात, जात असतात. एखाद्याला सकाळी पाठवलेला मेल दुपारी मिळतो, एखाद्याला तोच मेल दोनदा मिळतो आणि एखाद्याच्या इनबॉक्समध्ये मधूनच लॉटरीची आणि कर्जाची पत्रं दिसू लागतात. तिघांच्या तक्रारी तीन तऱ्हेच्या. तिन्हींचं मूळ एकच असेल, असं त्यांच्यापैकी कुणाच्या मनात यायचं काही कारण नाही. ते शोधणं हे सर्व्हर सांभाळणाऱ्याचं काम.

मी एका महाविद्यालयाचा मेल सर्व्हर सांभाळतो. दोन-अडीचशे खाती आहेत. प्राध्यापक, कार्यालय, ग्रंथालय, परीक्षा विभाग, वसतिगृह. यंत्रणा जुन्या वळणाची आहे. बाहेरून आलेला मेल पोस्टफिक्स हातात घेतो, स्वीकारण्याआधी स्पॅमअसॅसिनला दाखवतो, आणि तिथून गुण लागून आला की डोव्हकॉट तो ज्याच्या त्याच्या पेटीत ठेवतो. पाच गुण झाले की जंक. जस्टिन मेसन यांनी २००१मध्ये सर्वांसाठी खुला केलेला हा फिल्टर पुढे अपाची फाउंडेशनकडे गेला. आज त्याच्याहून वेगवान पर्याय आहेत, तरी मला तो सोडवत नाही, कारण तो प्रत्येक खात्याच्या मालकाचं वेगळं ऐकतो. या ऐकण्यापायीच आमच्याकडे टाइमआउट, म्हणजे ठरलेली मुदत संपून काम अर्धवट सुटणं, सुरू झाले होते, आणि दुरुस्ती करताना हे ऐकणंच बंद पडू द्यायचं नाही, एवढा माझा हट्ट होता.

परीक्षा विभागातल्या ताईंनी विचारलं, “सर, विद्यापीठाचं एकच पत्र दोन-दोनदा येतंय. उत्तर नक्की कुठल्याला द्यायचं?” प्रश्न रास्त होता. दोन मेलवर वेळ वेगवेगळी होती आणि तारखेचा घोळ परीक्षा विभागाला परवडत नाही.

एकच पत्र दोनदा येण्यामागे जुनी गोष्ट आहे. मेल पाठवणारा सर्व्हर सगळा मजकूर देऊन झाल्यावर शेवटी एका ओळीवर एकटा पूर्णविराम ठेवतो आणि ‘मिळालं’ या उत्तराची वाट बघतो. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे आणि सूचनांचे क्रमांकित दस्तऐवज. त्यातला २००८चा आरएफसी ५३२१ सांगतो की त्याने इथे निदान दहा मिनिटं थांबावं. सगळेच थांबत नाहीत. पाठवणारा कंटाळून जोडणी तोडून गेला आणि त्याच्या पाठोपाठ आपल्या सर्व्हरने मेल स्वीकारला, तर पाठवणाऱ्याच्या लेखी तो पोचलेलाच नसतो. तो पुन्हा पाठवतो. क्रेग पार्ट्रिज यांनी १९८८च्या आरएफसी १०४७मध्ये नेमकं हेच लिहिलं होतं: पूर्णविरामानंतर घेणाऱ्याने फार वेळ लावू नये, नाहीतर एका पत्राची दोन होतात. त्या काळात स्पॅम तपासणारं कुणी नव्हतं. आज पूर्णविराम आणि ‘मिळालं’ यांच्या मधल्या त्या जागेतच आपण फिल्टर आणून बसवला आहे.

मग मी आमच्याकडे कोण किती वेळ थांबतं, हे कागदावर मांडलं. अशी मांडणी मी आता प्रत्येक नव्या सर्व्हरवर पहिल्याच दिवशी करतो. फिल्टर बाहेरच्या काळ्या याद्यांना, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांच्या याद्यांना, डीएनएसवरून (इंटरनेटवर नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेतून) विचारतो, तिथे तो १५ सेकंद थांबतो. स्पॅमडी, म्हणजे स्पॅमअसॅसिनचा सतत चालू असणारा भाग, आपल्या एका कामकऱ्याला (मेल तपासणाऱ्या आपल्या एका प्रतीला) एका मेलसाठी ३०० सेकंद देतो, मग त्याला मारतो. पोस्टफिक्स फिल्टरच्या उत्तराची ३०० सेकंद वाट बघतो. स्पॅमडीकडे मेल नेणारा स्पॅमसी ६०० सेकंद थांबतो. आणि पाठवणारा, नियमाने वागणारा असेल तर, तोही ६०० सेकंदच. हे सगळे आकडे त्या त्या प्रोग्रॅमने पहिल्यापासून बरोबर आणलेले, कुणी मुद्दाम बदललेले नाहीत. प्रत्येक आकडा आपापल्या जागी शहाणाच आहे. शेजारी-शेजारी ठेवल्यावर मात्र दिसतं की ३००शी ३०० आणि ६००शी ६०० भिडलेत. कुणी आधी सोडायचं, हे ठरलेलंच नाही.

तिन्ही तक्रारींचा उलगडा इथेच झाला. कामकरी आधी मेला, तर स्पॅमसी मेल न तपासता तसाच पुढे सोडतो. पत्र हरवण्यापेक्षा स्पॅम आलेलं बरं, हे त्याचं धोरण, आणि ते मला पटतं. म्हणून लॉटरीची पत्रं. पोस्टफिक्सने आधी सोडलं, तर तो पाठवणाऱ्याला ‘आत्ता नको, नंतर ये’ असं सांगतो. मग पाठवणारा अर्ध्या-एक तासाने परत येतो, पुन्हा तेच ऐकतो, पुन्हा जातो. म्हणून सकाळचा मेल दुपारी. आणि पाठवणाऱ्यानेच आधी सोडलं, तर पत्र दोनदा. पहिल्यांदा कुणाचा धीर सुटला, एवढ्यावरच तक्रारीचं रूप ठरत होतं.

टाइमआउट झाला की वेळ वाढवायची, हा या धंद्यातला सर्रास उपाय आहे. ३००चे ६०० करा, ६००चे १२०० करा. माझ्या मते हा उपायच चुकीचा आहे. वेळ वाढवली की लॉगमधली, म्हणजे सर्व्हरच्या रोजनिशीतली, तक्रार गप्प होते. थांबणाऱ्या माणसाचं थांबणं मात्र वाढतं. आतला जितका खोल, तितकी त्याची मुदत कमी हवी. आतल्याने आधी हात टेकले, तरच बाहेरच्याच्या हातात काही करायला वेळ उरतो.

मुदतींची रांग नीट लावणं ही झाली शिस्त. फिल्टरला मुळात वेळ का लागतो, हा खरा प्रश्न, आणि त्यासाठी लॉग वाचण्याला पर्याय नाही. स्पॅमडीचा लॉग फार प्रामाणिक असतो. आपले कामकरी काय करताहेत हे तो एकेका अक्षरात लिहितो: मोकळा असेल तर ‘आय’, कामात असेल तर ‘बी’. एरवी तिथे दोन बी आणि तीन आय दिसतात. आमच्याकडे ओळीमागून ओळ नुसती बी बी बी बी बी. खाली सूचना, की कामकऱ्यांची कमाल संख्या गाठली आहे, ती वाढवण्याचा विचार करा. मुळात पाच असतात. एसटी स्थानकावरच्या आरक्षणाच्या पाच खिडक्या समजा: पाचही खिडक्यांवर कुणीतरी अडून बसलं असेल, तर सहाव्याचं काम किती छोटं आहे याला काही अर्थ उरत नाही.

यातला हिशोब सोपा आहे. एका मेलला दोन सेकंद लागत असतील, तर पाच कामकरी मिनिटाला दीडशे मेल तपासतात. तेच पंधरा सेकंद लागू लागले, तर वीस. जॉन लिटल यांनी १९६१मध्ये सिद्ध केलेला रांगेचा नियम हेच सांगतो, की रांगेतली सरासरी गर्दी म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा आतला वेळ. प्रवेशाच्या दिवसांत मिनिटाला वीसपेक्षा जास्त मेल सहज येतात. एकदा तो आकडा ओलांडला की रांग नुसती लांब होत नाही, ती वाढतच राहते.

कामकरी पाचाचे पंधरा केले, तरी ते दुखणं पुढेच ढकलायचं. प्रत्येक कामकरी चांगलीच मेमरी खातो. मशीन स्वॅपमध्ये गेलं, म्हणजे मेमरी संपून डिस्क वापरू लागलं, की आधी जे दोन सेकंदांत व्हायचं त्यालाही दहा लागतात.

प्रत्येक तपासणीनंतर स्पॅमडी किती सेकंद लागले आणि कोणाच्या खात्याचा मेल होता, हे एकाच ओळीत लिहून ठेवतो. मी त्या ओळी खात्यांप्रमाणे लावल्या. चित्र दोन पदरी निघालं. सगळ्याच खात्यांना काही वेळा पंधरा-सोळा सेकंद लागत होते. तीन खाती मात्र अशी होती, की त्यांच्या काही मेलना ३०० सेकंद लागत आणि निकाल येतच नसे.

पहिला पदर डीएनएसचा. पंधराच्या आसपास आकडे दिसले की कुणीतरी उत्तर देत नाही, हे समजावं. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये कुणीतरी पूर्वी एक सार्वजनिक रिझॉल्व्हर, म्हणजे डीएनएसचे प्रश्न आपल्या वतीने विचारणारा सर्व्हर, घालून ठेवला होता, जो जगभरातले लोक वापरतात. १९९८मध्ये सुरू झालेल्या स्पॅमहाउससारख्या संस्था काळ्या याद्या लहान वापराला फुकट देतात, पण विचारणारा कोण आहे हे त्यांना कळावं लागतं. सार्वजनिक रिझॉल्व्हरमागून आलेल्या प्रश्नाला स्पॅमहाउस खऱ्या उत्तराऐवजी नकाराचा एक खास कोड देते. इतर काही याद्या तर सरळ गप्प राहतात. शिवाय आमच्या यादीत बंद झालेल्या याद्यांची नावंही होती. सॉर्ब्ज जून २०२४मध्ये बंद झाली, तिलाही आम्ही प्रत्येक मेलमागे विचारतच होतो. बंद झालेल्या यादीला विचारत राहणं फक्त वेळखाऊ नसतं, धोक्याचंही असतं. ओआरडीबी ही यादी २००६च्या अखेरीस बंद झाली. तरी लोक विचारत राहिले, म्हणून मार्च २००८मध्ये तिने जगातल्या प्रत्येक पत्त्याला ‘हा स्पॅमवाला’ असं उत्तर द्यायला सुरुवात केली, आणि ज्यांनी ते नाव काढलं नव्हतं त्यांचे सगळेच मेल परत जाऊ लागले.

उपाय साधा होता. त्याच मशीनवर अनबाउंड हा आमचा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवला, म्हणजे प्रश्न विचारणारे आम्ही स्वतः आणि उत्तर लक्षात ठेवणारेही आम्हीच. मेलेल्या याद्या काढल्या. थांबण्याची मुदत १५वरून ५ सेकंदांवर आणली. त्या दिवसापासून सर्वसाधारण मेल दीड-दोन सेकंदांत तपासून होऊ लागला. अनेकांना वाटतं की टाइमआउटचा प्रश्न इथेच संपतो. बहुतेक ठिकाणी संपतोही.

आमची तीन खाती मात्र तशीच होती.

थॉमस बेज यांचा संभाव्यतेवरचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३मध्ये छापला गेला. त्याच विचारावर पॉल ग्रॅहम यांनी २००२मध्ये स्पॅम ओळखण्याची रीत मांडली आणि ती प्रत्येकाच्या स्वतःच्या टपालावर शिकलेली असावी, असा आग्रह धरला. स्पॅमअसॅसिन तेच करतो. माणूस एखादा मेल जंकमध्ये टाकतो, जंकमधला एखादा परत बाहेर काढतो, त्यातून त्याच्या खात्याची शब्दांची वही तयार होते. कुठला शब्द किती वेळा चांगल्या मेलमध्ये आला, किती वेळा वाईट. दोनशे चांगले आणि दोनशे वाईट मेल शिकून होईपर्यंत ही वही मत देत नाही. वही दीड लाख शब्दांच्या वर गेली, की जुने शब्द काढून टाकायची छाटणी होते. आणि ही छाटणी, वेगळं काही सांगितलं नसेल तर, एखादा मेल तपासता तपासताच सुरू होते.

घोळ तिथे होता. आमच्या खात्यांच्या फायली दुसऱ्या एका जुन्या मशीनवर आहेत, नेटवर्कवरून वाचायच्या. तिथे दीड लाख शब्दांची छाटणी पाच मिनिटांत होत नाही. पाच मिनिटं झाली की स्पॅमडी कामकऱ्याला मारतो. छाटणी अर्धवट राहते, वही आहे तेवढीच मोठी राहते. मग त्याच खात्याचा पुढचा मेल येतो, वही मोठी आहे हे बघून छाटणी पुन्हा सुरू होते आणि पुन्हा पाच मिनिटांनी मारली जाते. त्या खात्यांच्या फोल्डरमध्ये गेलो तर अर्धवट छाटणीच्या फायलींचा ढीग साचलेला, प्रत्येकीच्या नावाच्या शेवटी मेलेल्या कामकऱ्याचा क्रमांक. तीन खाती, म्हणजे पाचातले तीन कामकरी कायमचे त्यात गुंतलेले. उरलेल्या दोघांवर अख्खं महाविद्यालय.

ती तीन खाती कोणाची होती? एक प्रवेशाचं. एक परीक्षा विभागाचं. आणि तिसरं एका निवृत्त सरांचं, जे आजही रोज सकाळी आपली पेटी स्वतः निवडतात. नको तो मेल जंकमध्ये, चुकून तिकडे गेलेला परत बाहेर. इतकी वर्षं एवढ्या निष्ठेने फिल्टरला शिकवणारा दुसरा माणूस आमच्याकडे नाही. ज्यांनी सर्वांत जास्त शिकवलं, त्यांचीच वही सर्वांत जड झाली होती आणि तिच्याखाली सगळे अडकले होते.

“प्रत्येकाचं वेगळं शिकवणं बंद करा, सगळ्यांची मिळून एकच वही ठेवा,” असा सल्ला मला मिळाला, आणि तो तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हता. एकच वही, एकच छाटणी, प्रश्न मिटला. पण आमच्या ग्रंथपाल मॅडमना प्रकाशकांची सूचिपत्रं हवी असतात. तीच सूचिपत्रं भौतिकशास्त्राचे सर रोज जंकमध्ये ढकलतात. परदेशी परिषदांची निमंत्रणं मुरलेल्या संशोधकाला कचरा वाटतात, आणि नव्याने लागलेल्या व्याख्यात्याला त्यातलं एखादं खरं असतं. एक वही केली की ज्यांचे हात जास्त चालतात त्यांचं मत सगळ्यांवर चालतं. ग्रंथपाल मॅडमना त्यांची सूचिपत्रं का येईनाशी झाली, ते कधी कळलंही नसतं. न आलेल्या पत्राची तक्रार कोण करणार?

१९७५च्या नोव्हेंबरमध्ये जॉन पोस्टल यांनी आरएफसी ७०६ लिहिला. नको असलेल्या मेलबद्दलचा तो एक पानाचा मजकूर आहे. तेव्हा अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, थोडीच यंत्रं होती. पोस्टल यांची चिंता अशी की घेणाऱ्या यंत्राला काही नाकारण्याची सोयच नाही. कुणी नको ते पाठवत राहिलं तर त्यातच त्याचा वेळ जाईल आणि खऱ्या वापरणाऱ्यांना सेवा मिळणार नाही. नको ते नाकारण्याचा अधिकार घेणाऱ्याकडे असावा, असं त्यांनी मांडलं होतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. हा अधिकार ज्याच्या नावाने पत्र येतं त्याचा आहे, आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याने आपल्या सोयीसाठी तो काढून घेऊ नये.

मराठीत लिहिणाऱ्यांच्या बाबतीत तर वेगळी वही आणखी मोलाची. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवण्याच्या सर्रास पद्धतीत, देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘नमस्कार’ म्हणजे सात चिन्हं, एकवीस बाइट. स्पॅमअसॅसिनच्या जुन्या आवृत्त्या पंधरा बाइटांहून लांब शब्द अखंड ठेवत नसत, त्याचे दोन-दोन बाइटांचे तुकडे करत, म्हणजे अक्षराच्याही मधूनच सुरी फिरे. डिसेंबर २०२२मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीने इंग्रजीखेरीज इतर भाषांचा मजकूर हाताळणं पुष्कळ सुधारलं. तोपर्यंत मराठीतून पत्रव्यवहार करणाऱ्यांच्या वह्या जे काही शिकल्या, ते अशा चिरलेल्या तुकड्यांवर. तेवढ्यावरही त्या बऱ्यापैकी काम करत होत्या, ते त्या त्या माणसाने सातत्याने निवडून दिलं म्हणून. ते शिकलेलं एका फटक्यात पुसून टाकणं मला जमण्यासारखं नव्हतं.

तेव्हा छाटणी मेलच्या वाटेतून बाजूला काढली. मेल तपासताना आपोआप छाटणी करू नकोस, असं फिल्टरला सांगितलं, आणि पहाटे, गर्दी नसताना, एकामागून एक खात्याची छाटणी करायचं काम क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, दिलं. त्या तीन खात्यांची पहिली छाटणी मी हाताने, कुठलीही मुदत न लावता चालवली. चालू द्यायची ती चालेल तेवढी, कारण तिच्यामागे कुणी ताटकळत उभं नव्हतं. अर्धवट फायलींचा ढीग काढला. सरांच्या खात्याची जागा त्या ढिगानेच भरत आली होती. मग वह्या नेटवर्कवरून उचलून मेल सर्व्हरच्याच डिस्कवर आणल्या आणि एका वेळी एकानेच वहीत लिहावं म्हणून तिला कुलूप लावायची पद्धत बदलली. नेटवर्कवरच्या फायलींसाठी असलेली सावध पद्धत मुळात हळू असते, स्वतःच्या डिस्कवर तिची गरज पडत नाही. पुढेमागे खाती वाढली, तर वह्या रेडिसमध्ये, म्हणजे मेमरीत चालणाऱ्या वेगवान साठ्यात, नेण्याची सोय ३.४ आवृत्तीपासून आहेच.

सर्वांत शेवटी मुदती. याद्यांना ५ सेकंद, कामकऱ्याला ६०, स्पॅमसीला ९०, पोस्टफिक्सला १८०. आता कुणाचा धीर आधी सुटणार, हे पक्कं आहे. फिल्टर हरला तर मेल न तपासताच पेटीत जातो, आणि तो तपासलेला नाही अशी खूण त्याच्यावर राहते. खूण दिसली की तो मेल मागून पुन्हा तपासून जंकमध्ये हलवता येतो. पाठवणाऱ्याला मात्र तीन मिनिटांच्या आत उत्तर मिळतंच.

लॉगमध्ये आता एखादा बी आणि बाकी आय असतात. विद्यापीठाचं पत्र एकदाच येतं. कामकरी आजही पाचच आहेत. सरांना यातलं काही माहीत नाही. त्यांनी काही वावगं केलंच नव्हतं, त्यामुळे सांगण्यासारखं काही नव्हतं.

परीक्षा विभागाचं खातं मात्र अजून माझ्या मनाला लागून आहे. तिथे चौघं जण एकच खातं वापरतात. एकाने जंकमध्ये टाकलेलं दुसरा बाहेर काढतो, आणि त्या वहीत एकाच शब्दाच्या दोन्ही बाजूंना खुणा पडत राहतात. तिचं वजन त्यामुळेच वाढलं होतं, आणि पुन्हा वाढेल. पुढच्या सत्राआधी चौघांना वेगवेगळी खाती काढून द्यावीत, विभागाचा पत्ता तेवढा चौघांकडे वळवावा, असं टिपण मी कार्यालयात दिलं आहे. जुन्या वहीची नक्कल चौघांच्या खात्यांत उतरवता येते. तसं केलं तर पहिल्या दिवसापासून फिल्टर चालेल, पण एकमेकांच्या आवडीनिवडी सगळ्यांच्या वाट्याला येतील. कोऱ्या वहीने सुरुवात केली, तर दोनशे आणि दोनशे मेल होईपर्यंत काही आठवडे थोडा कचरा सोसावा लागेल. ताईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मला कोरी द्या. बाकीच्यांना मी विचारून सांगते.”